फाटक्या फ्रॉकांची पेटी

"काढ तो नवा फ्रॉक," बाई म्हणाल्या. "पाहुणे येऊन राहिले."

सगळ्या पोरींसमोर मी तो अंगातून काढला. लाल काठाचा. बापाने स्वतःच्या मागावर विणलेल्या कापडाचा. आई गेल्यावर माग आणि मी, दोन्ही त्याला झेपेनात, म्हणून त्याने मला नागपूरच्या बालगृहात ठेवलं. उमरेडहून दर रविवारी भेटायला यायचा.

बालगृहात एक लोखंडी पेटी होती. तिच्यात फाटके फ्रॉक. धुतलेले, घडी घातलेले. देणगीदार आले की ते आम्हाला चढवायचे, वेणी सोडून केस विस्कटायचे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आधी मूल'.

आणि मी काय दिवे लावले? सगळ्यांत फाटका फ्रॉक मलाच मिळावा म्हणून भांडले. फोटोत पुढची जागा मिळायची ना. तोंड असं पाडलं की नाटक कंपनीने उचलून न्यावं.

पाहुणीने विचारलं, "घरी कोण आहे गं तुझं?"

पाठ केलेलं उत्तर खणखणीत दिलं. "मले कोणीच नाही जी."

तो रविवार होता. बाप गेटजवळ उभा होता, हातात संत्र्यांची पिशवी. ती चौकीदाराजवळ ठेवून न भेटताच गेला. मला दोन लाडू मिळाले. दोन्ही खाल्ले. मोठी हुशार मी.

पुढच्या रविवारी तो आला. "काहून वं, मी मेलो का?" हसत म्हणाला. ते हसणं अजून पोटात आहे.

पुन्हा पेटी उघडली तेव्हा मी लाल काठ सोडला नाही. "नाही काढत. माझ्या बापानं विणला." मला पंगतीतून उठवलं. स्वयंपाकाच्या मावशीने मागच्या दारी वरणभात वाढला, काही न विचारता. भिंतीवरचं तिला वाचता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेने वर्धापनदिनाला बोलावलं. संस्थेच्या मूल्यांवर बोला म्हणाले. नातीच्या स्कूटीवर बसून गेले. पेटी आता नाही, भिंतीवरची अक्षरं तशीच आहेत. पण फोटोवाला एका पोरीला सांगत होता, "हसू नको बेटा. जरा उदास दिस." पोरीने लगेच तोंड पाडलं. अगदी माझ्यासारखं.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही आजी. मले तर हसू येऊन राहिलं."

माईकवर गेले. शाल घेतली नाही. म्हटलं, इथल्या भातावर वाढले, ते विसरत नाही. म्हणूनच सांगते, लेकराला रडवेलं करून मागायचं नाही. नाहीतर भिंत पुसा.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "आजी, असे फोटो नसले तर कोणी देत नाही."

"मावशीनं दिलं होतं," मी म्हटलं.

आता दर रविवारी मी गेटजवळ बसते. बाप उभा होता तिथेच. कॅमेरा घेऊन येणाऱ्याला आधी माझ्याशी बोलावं लागतं. गुडघे दुखतात, म्हणून खुर्ची घरून आणली आहे. उठणार नाही.