अर्ध्यावर थांबलेलं छत

सावलीवाले खिडकीशी बसून चहा पीत होते. कप दोन्ही हातांनी धरलेला. समोर त्यांची बायको वाटाण्याच्या शेंगा सोलत होती आणि मधूनच त्या कपाकडे बघत होती.

"थंडी वाजतेय का हो?"

"छे गं. उबेला धरलाय."

थंडी कसली! उजव्या हाताची बोटं हिवाळ्यापासून बधिर झाली होती. एखाद्याने दुसऱ्याचीच बोटं आणून जोडावीत तशी. पण हे घरात सांगायची सोय नव्हती. सांगितलं की हत्यारांची पिशवी माळ्यावर जाणार, आणि ती गेली की आपण तरी उरलो काय, असं त्यांना वाटे. घरामागच्या माळरानावर चाकांवरची घरं, म्हणजे आत राहता येईल अशा मोठ्या गाड्या, येऊन मुक्काम करत. प्रत्येकीच्या कुशीला गुंडाळलेलं कापडी छत, बटण दाबलं की मोटरवर हळूहळू पसरणारं. ते रुसलं की लोक सावलीवाल्यांचं दार शोधत. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागे.

तेवढ्यात दार वाजलंच.

"घ्या, आलं तुमचं गिऱ्हाईक," बायको म्हणाली.

दारात एक आजी. डोक्याला रुमाल, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"छत अडकलंय हो अर्ध्यावर. ना आत जातं, ना बाहेर येतं. अगदी आमच्या ह्यांच्यासारखं! आणि दुपारी वारा सुटणार म्हणतात."

सावलीवाले उठलेच. उघडं छत वाऱ्याने भरलं की गाडीच्या भिंतीतले स्क्रू उपटून काढतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

"मी येऊ का बरोबर?" बायकोने विचारलं.

"तू कशाला? बटणाचं काहीतरी असेल."

माळरानावर ऊन अजून कोवळं होतं. आजीच्या गाडीवरचं छत झोपेत हात लांबवावा तसं अर्धवट पुढे आलेलं.

"बटण किती वेळा दाबलंत?"

"आधी हळूच दाबलं. मग रागाने. मग पुन्हा प्रेमाने."

सावलीवाले हसले. त्यांनी आधी गाडीतला फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. "हा माझ्या खिशात आहे तोवर कुणी कितीही प्रेमाने दाबू दे, छत हलायचं नाही." मग छताचे दोन्ही लोखंडी हात पट्ट्यांनी गाडीला आवळून बांधले, पट्टे ओढून पाहिले, सपाट जागा बघून शिडी लावली आणि वर चढले.

कारण लगेच दिसलं. एकाच कोपऱ्यात ठिगळावर ठिगळ. खाली निळं, त्यावर फुलाफुलांचं, त्यावर उशीच्या अभ्र्याचं.

"हे कुणी शिवलंय?"

"मीच. हे शेगडी नेमकी तिथेच मांडतात. ठिणगी उडते, भोक पडतं, मी शिवते. शेगडी हलवा म्हटलं तर म्हणतात, इथूनच मला तळं दिसतं."

एका टोकाला कापड जाड झालेलं, त्यामुळे रुळावर, म्हणजे छत गुंडाळणाऱ्या लांब नळीवर, ते तिरकं गुंडाळलं जात होतं आणि मोटर दमून थांबली होती. चूक तेवढीच. पण सावलीवाले त्या ठिगळांकडे बघत राहिले. ऊन त्यांतून झिरपून खाली येत होतं. त्यांच्या बाहीवर निळं, छातीवर फुलं. त्यांना वाटलं, आपण पाण्याखाली उभे आहोत आणि वरून कितीतरी दुपारी सावकाश वाहत चालल्यात. आपण नीट केलेल्या सगळ्या छतांची सावली अजून या माळरानावर कुठेतरी पसरलेली असेल. गाड्या निघून गेल्या, माणसं गेली, आणि ती गवतावर एकटीच थंडगार पडून असेल.

"झालं का हो?" खालून आजी.

ते भानावर आले. आता रूळ मोकळा करायला मोटर काढायची. पण रुळाच्या पोटात पिळलेली स्प्रिंग असते. ती न अडवता मोटर सोडवली की रूळ गरकन फिरतो आणि मनगट मोडतो. म्हणून रूळ धरायचा, टोकाची दोन भोकं समोरासमोर आणायची आणि त्यांत पिन घालायची. भोकं नजरेआड असतात, बोटांनीच शोधावी लागतात. आजवर बोटाचं टोक सांगायचं, बसली. आज ते काहीच बोललं नाही. पिन गेल्यासारखी वाटली. त्यांनी सवयीने जरा ओढून पाहिली, तर ती सुटून गवतात पडली.

मोटरच्या स्क्रूला अजून हात लावला नव्हता म्हणून बरं. रूळ अलगद सोडून ते खाली उतरले आणि शिडीच्या पायरीवर बसले.

"बसली का ती पिन?" आजीने विचारलं.

'बसली' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. एवढ्यात गवतातून कुणीतरी पिन उचलली. बायको. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"शेंगा झाल्या सोलून?"

"कसल्या शेंगा! चित्तच लागेना." तिने पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं आणि मग बोटं मिटली. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगता, उबेला धरलाय!"

कापडाची कड फडफडली. झाडांचे शेंडे हलायला लागले होते. आजी एकदा आकाशाकडे, एकदा या दोघांकडे बघत होती. सावलीवाल्यांनी खिशातला फ्यूज चाचपला, पट्टे पुन्हा ओढून पाहिले. मग बायकोपुढे पिन धरली.

"काय बोलायचं ते घरी बोल. मी ऐकून घेईन. आत्ता आजींकडून दुसरी शिडी घे आणि वर ये. रूळ मी धरतो. पिन तेवढी तू घाल."