मेव्हण्याचा समुद्रावरचा पतंग

आमच्या हिच्या धाकट्या भावाइतक्या गोष्टी शिकलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि त्यातली एकही धड न आलेला तर तो एकटाच असेल. बासरी शिकला, ती वाजली नाही. मधमाश्या पाळायला शिकला, तर त्या सदाशिव पेठेतल्या त्याच्या गॅलरीतून उठून शेजारच्या क्लासमध्ये गेल्या आणि गणिताची सगळी बॅच रस्त्यावर आली. पोहणं शिकायचं म्हणून पुस्तक आणलं आणि पलंगावर पालथा पडून हातपाय मारायला लागला, पलंग मोडला. बँकेतून निवृत्त झालेला, लग्न केलेलं नाही, त्यामुळे पुरे म्हणणारं घरात कोणी नाही. मी चौथी शिकलेला, जन्मभर मंडईत कांदे-बटाटे विकले. मला एकच काम आलं आणि ते पुरलं. त्यामुळे हा माणूस मला कधी कळलाच नाही. मी तोंडावर म्हणायचो, "अरे, एक तरी गोष्ट नीट कर." तो हसून म्हणायचा, "दाजी, नीट करायला बाकीचं जग बसलंय की."

त्याची एक रीत होती. नवीन काही शिकला की ते पहिल्यांदा बहिणीला दाखवायचं. रविवारी बिबवेवाडीला आमच्याकडे यायचा, हॉलमध्ये उभा राहायचा आणि करून दाखवायचा. ही कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघायची आणि म्हणायची, "छान जमलंय हो तुला." की स्वारी खूश. कुठलीशी परदेशी कुस्ती शिकला तेव्हा त्याने आमचा टीपॉय फोडला, तरी हिचं आपलं तेच. मी म्हणालो, "काय जमलंय? टीपॉय?" तर माझ्यावरच डोळे वटारले.

श्रावणात ही गेली. तेराव्यापर्यंत तो रोज होता, नंतर यायचा बंद झाला. त्याला तरी काय बोलायचं? बहिणीच्या घरी माणूस बहिणीसाठी येतो. तीच नाही म्हटल्यावर दाजी कोण लागतो? मी दर रविवारी चहाला दोन कपांचं आधण ठेवायचो, आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागायचे. फोन करावा वाटायचं, पण करून बोलायचं काय, ते सुचायचं नाही. हा आता येतो की कायमचा तुटतो, एवढा एकच घोर मला लागला होता.

यंदा भाऊबीज रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात हा उभा, डोक्यावर हेल्मेट. स्कूटरचं नव्हे, त्याला कानापाशी भोकं होती.

"दाजी, चार कपडे घ्या. उद्या पहाटे मालवणच्या बाजूला निघायचंय. मी काइटसर्फिंग शिकतोय."

"म्हणजे काय?"

"समुद्रावर पतंग उडवायचा, आणि फळीवर उभं राहायचं. पतंग आपल्याला ओढत नेतो."

"अरे, परवा भाऊबीज आहे."

"म्हणूनच तर," असं म्हणाला आणि आत जाऊन माझी पिशवी शोधू लागला.

मला काही समजेना. म्हणूनच म्हणजे कशामुळे? लहानपणी पतंग मीही उडवलाय, पण त्यात आपण पतंगाला ओढायचं असतं. मला वाटलं, मांजाची चक्री धरायला कोणीतरी हवं म्हणून मला नेतोय. बोटं कापू नयेत म्हणून मी चिकटपट्टीसुद्धा घेतली. बसमध्ये विचारलं, "चक्री कुठाय?" तर म्हणे, "चक्री नसते, दोऱ्या माझ्या कमरेला बांधतात."

"तुला बांधतात? मग पतंग कोण?"



तो पतंग म्हणजे आमच्या हॉलपेक्षा मोठा, हवा भरून फुगवलेला. शिकवणारी बाई तिथलीच, गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. शनिवारी वाळूवरच शिकवणी होती. पतंगाने याला उचललं आणि वाळत घातलेल्या बांगडा मासळीवरून फरफटत नेलं. मासेवाली ओरडली, "अगे बाय माझे, हो माणूस आसा की नांगर?" हा तोंडातली वाळू थुंकत मला म्हणाला, "दाजी, वारा चांगलाय."

रविवारी पाण्यात उतरायचं होतं. मी वाळूवर खुर्ची टाकून बसलो. पाण्यात सगळे सारखेच, काळे घट्ट कपडे आणि हेल्मेट. एकदम एक जण फळीवर उभा राहिला, सरसर लाटा कापत निघाला आणि चक्क हवेत उडाला. मी उठलो, टोपी काढून हलवली, घसा ताणून ओरडलो, "जमलं रे! जमलं तुला!" त्यानेही लांबून हात केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दाजी, हात कुणाला करताय?" मागून आवाज आला. हा उभा, कानावर शेवाळ, ओठ निळे पडलेले. "पाहिलंत ना? त्या खडकापाशी उभा राहिलो मी! पडलो लगेच, पण उभा राहिलो."

मी समुद्राकडे पाहिलं. तो कोण होता तो अजून उडतच होता.

"पाहिलं," मी म्हणालो. "छान जमलं."

हिला तरी त्या स्वयंपाकघराच्या दारातून खरोखर काय दिसायचं कोण जाणे.

तो ओल्या अंगाने तिथेच वाळूवर मांडी घालून बसला आणि पिशवीतून तबक, निरांजन, कुंकू, अक्षता बाहेर काढल्या. "ओवाळा."

"मी? अरे, बाईमाणूस ओवाळतं."

"आता कुठून आणू?"

"मला नाही येत रे."

"मला तरी काय येतं, दाजी?"

इतकी वर्षं मी शेजारी बसून करंज्या खाल्ल्या, पण ही हात कुठून कुठे फिरवायची ते कधी नीट बघितलं नव्हतं. कुंकू लावलं, ते ओल्या कपाळावरून नाकावर ओघळलं. वात लावली की वारा विझवायचा. शेवटी त्या शिकवणाऱ्या बाईने शिट्टी फुंकली आणि तिच्याकडच्या दोघा पोरांना बोलावून तो अवाढव्य पतंग आमच्यामागे आडवा धरायला लावला. त्याच्या आडोशाला वात तगली. मी उजवीकडून ओवाळायला लागलो तर हा म्हणाला, उलटं. उलटं केलं तर म्हणाला, आधीचंच बरोबर होतं. "गप बस," म्हणालो आणि दोन्हीकडून ओवाळलं.

मग तो तबकात घालायला काहीतरी चाचपू लागला. त्या कपड्यांना खिसेच नव्हते.

"दाजी, ओवाळणी राहिली."

"राहू दे. घरी आणून दे."

"कधी?"

"रविवारी ये."

तेव्हापासून दर रविवारी येतो. सध्या खुर्च्या विणायला शिकतोय, आणि आमच्या घरात आता बसायला एकही खुर्ची शाबूत नाही. ओवाळणी आणायला मात्र दर वेळी विसरतो. मीही आठवण करून देत नाही.