फुकटकाकांची पेटी

‘फुकट’ या शब्दाचा ज्या माणसाला सर्वांत जास्त राग येई, त्यालाच सगळा अग्रहार, म्हणजे देवळाभोवतीची आमची जुनी वस्ती, फुकटकाका म्हणत असे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ संगणकावर संगीत करत, आणि त्यासाठी पैसे न देता मिळणारं सॉफ्टवेअर वापरत. कुणी ते फुकटचं आहे असं म्हणालं की चष्मा कपाळावर चढवून अंगावर येत. “पुक्कटे अल्ला, बाई! फुकट नव्हे, मोकळं! कसं केलंय ते उघडून बघता येतं, बदलता येतं, कुणालाही देता येतं. तुमच्या त्या विकतच्या डब्याचं झाकण तरी निघतं का?”

म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांतली ही बोली, मध्येच कानडीत शिरणारी. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली. बोलत्या पुस्तकांना पार्श्वसंगीत द्यायचं काम घरून करत होते आणि माझ्याकडचं सगळं सॉफ्टवेअर विकतचं, महागडं होतं. पहिल्याच भेटीत काकांनी माझ्या संगणकातल्या वाद्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “यातलं खरं वाजवता काय काय?” मी त्यांना तिथल्या तिथे नापास केलं. त्यांनीही मला केलं असणार. आमची ओळख टिकली ती याच तुच्छतेवर.

त्यांच्या सॉफ्टवेअरला सॅम्पलर म्हणतात. खऱ्या वाद्याचा एकेक स्वर रेकॉर्ड करून त्यात भरायचा. मग छोट्या कीबोर्डवरची पट्टी दाबली की संगणक तो स्वर वाजवतो. काकांनी त्यात काय काय भरलं होतं! देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, काकूंच्या बांगड्या, रिक्षाचा भोंगा. आणि या सगळ्यामागे छताच्या पंख्याची घरघर, कारण उकडतं म्हणून पंखा बंद करायला ते तयार नसत. “हे संगीत नाही काका, पंख्याचं आत्मचरित्र आहे,” मी म्हणाले. “त्याला कान लागतात,” ते म्हणाले. कान होते म्हणून तर त्रास होत होता.

त्यांचा संगणक कुठल्या तरी कचेरीनं टाकून दिलेला. दर थोड्या वेळानं सॉफ्टवेअर बंद पडे आणि पडद्यावर अक्षरांची रांग उमटे. माणूस अशा वेळी कपाळाला हात लावतो. काका खूश होत. “बघा, मरताना कशानं मेलं ते सांगतंय. तुमचं न सांगता मरतं.” मग त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांना ते पत्र टाकत. ही परदेशातली चार माणसं, आपल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करणारी. त्यांना काका आपल्या टेलिफोन खात्याच्या इंग्रजीत असं झापत, की जणू ती खात्यात हाताखाली होती. ती बिचारी नम्रपणे उत्तर देत. काकू आतून म्हणत, “सुम्ने, उगाच भांडण उकरून काढतात. घरात पुरत नाही म्हणून दर्या ओलांडून.”

घरातलं भांडण म्हणजे थोरल्या भावाशी. अण्णा शिंपी होते, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजनाला पेटीची साथ तेच करत. काकांच्या खटाटोपाला ते ‘डबडं’ म्हणत आणि काका त्यांच्या पेटीला ‘भोकं पडलेली’ म्हणत. दोघांचंही खरं होतं.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवा हात लुळा पडला. पेटीला एक हात स्वरांवर आणि एक भात्यावर लागतो. एका हातानं यातलं एकच होतं. भजनी मंडळींनी मोबाइलवरची तयार पेटी लाउडस्पीकरला जोडली. अण्णांनी ती एकदाच ऐकली आणि देवळात जाणं सोडलं. एकादशीला दुकानाच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसत. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, “बेडा. मला नको. तुमचं भागतंय ना?”

एका दुपारी काका माझ्या दारात आले. “अण्णाची पेटी भरायची आहे. मी भाता मारतो, तुम्ही एकेक पट्टी दाबा. तुम्हाला तेवढं जमेल.” विनंती करायचीही ही रीत! तरी मी गेले. एप्रिलचा उकाडा, दारं-खिडक्या बंद, आणि पहिल्यांदाच पंखाही बंद. कुठे रिक्षा वाजली की स्वर पुन्हा पहिल्यापासून. काकांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पुसला तर आवाज होईल म्हणून ते पुसतही नव्हते.

सगळं जुळल्यावर त्यांनी छोटा कीबोर्ड अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी डाव्या हातानं एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. पेटीचा स्वर आला, खरा, त्यांच्याच पेटीचा. तो तसाच राहिला, सरळ, न वाढता, न उतरता. अण्णांनी बोट उचललं.

“श्वास घेत नाही हे,” ते म्हणाले. “मेलंय. सुम्ने ओरडतंय.”

काका काहीतरी खोचक बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी तारा गुंडाळल्या आणि घरी गेले.

पुढे कित्येक दिवस त्यांच्या खोलीतून आवाज नव्हता. मग त्यांनी अण्णांचं जुनं शिलाई मशीन उचलून आणलं, वरचं यंत्र काढलं आणि खालच्या पायट्याला कसलीशी तार जोडली. पायटा दाबला की स्वर भरे, सोडला की उतरे. अण्णांचा डावा पाय शाबूत होता आणि आयुष्यभर पायट्यावरच चाललेला होता. कल्पना चांगली होती, हे मला कबूल करणं जड गेलं. पण पाय हलला की स्वरात खरखर येई. काकांनी आधी तारेला शिव्या दिल्या, मग मला, आणि शेवटी शोधून काढलं की दोष सॉफ्टवेअरचाच आहे. त्यांनी कर्त्यांना पत्र लिहिलं. ते मी वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता. शेवटी एवढंच होतं, की माझ्या भावाला हे वाजवायचं आहे. त्या चौघांपैकी एकानं ती खरखर काढून नवी आवृत्ती पाठवली.

एकादशीला ते सगळं लटांबर देवळात गेलं. दिसायला भंगारवाल्याच्या गाडीसारखं. काका वारकऱ्यांवर खेकसत होते, “तारेवर बसू नका हो!” अण्णा आले, पायट्यावर पाय ठेवला, डोळे मिटले. पहिल्या अभंगात ते दोनदा चुकले. दुसऱ्यात टाळकऱ्यांनी त्यांच्याकडे पाहणं सोडलं आणि नुसते गाऊ लागले. साथ जमली की साथीकडे कुणी पाहत नाही.

आरतीनंतर काकांनी विचारलं, “कसं होतं?”

“परवागिल्ला,” अण्णा म्हणाले. म्हणजे, चालेल. त्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. काका चपला शोधायचं निमित्त करून बाहेर गेले आणि बराच वेळ त्यांना चपला सापडल्या नाहीत.

अण्णा त्यानंतर जेमतेम वर्षभर वाजवू शकले. ते गेल्यावर मंडळींनी सुचवलं, आता पेटी संगणकातच आहे तर अभंगही त्यातच भरून टाका, माणूसच नको. काका उसळले. “मग गायलाही यंत्र आणा, नमस्कार करायलाही आणा! इथं माणूस बसेल.” कोण बसेल, असं कुणीतरी विचारलं. काकांनी मागे न बघता माझ्याकडे बोट केलं. मी देवळात फक्त प्रसादाला जाणारी बाई. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

काकूंचे गुडघे फारच दुखू लागले तेव्हा मुलीनं दोघांना हुबळीला नेलं. जाताना काकांनी देवळातल्या संगणकाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. निरोपाचं बोलणं म्हणजे, “त्याच्यावर ताक सांडू नका.”

पुढच्या एकादशीला मी गेले ते संगणक चालू होतो की नाही एवढंच बघायला. चालू झाला. भजन सांगणारे म्हातारे बुवा अभंगाला उभे राहिले, एक ओळ गायले आणि थांबले. पेटी येईपर्यंत ते पुढे जाणार नव्हते. मी पायट्यावर पाय ठेवला. तो पाय कधी पुढे गेला, कधी मागे राहिला. बुवा माझ्यासाठी थांबत थांबत शेवटपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुबळीहून फोन आला.

“फार चुकत होतात म्हणे तुम्ही,” काका म्हणाले.

“हो,” मी म्हणाले. “फारच.”



“मग पुढच्या एकादशीला जरा लवकर जा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.