साठाचे शटर

पेडणेकर सरांची आणि माझी ओळख खारदांड्याच्या किनाऱ्यावर झाली. मालाडला ते रविवारी छायाचित्रणाचे वर्ग घेतात, त्या वर्गाची ती सहल होती. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली. कॅमेऱ्याच्या शटरवेगाच्या चकतीवर एक हजार हा आकडा आहे, तर तो वापरावा, असे माझे साधे मत होते. मासळी निवडत बसलेल्या एका मावशींचा फोटो मी सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतला. सरांनी चकती पाहिली आणि मालवणीत विचारले, "गो, ती खंय पळान जाता?" मावशीच आधी हसल्या.

मग होडीवर जाळे झटकणाऱ्याकडे बोट दाखवून सरांनी विचारले, "तिथे काय सांडतंय?"

"पाणी."

"तिथे हजार लाव."

सरांचा नियम एवढाच. पाणी, माती, मोकळे केस, असे काही उडत असेल आणि डोळ्याला धरता येत नसेल, तरच सर्वांत वेगवान शटर. झोका टोकाला पोचून क्षणभर थांबतो. तिथे त्याहून कमी वेगही पुरतो; स्वस्थ बसलेल्या माणसाला तर साठही पुष्कळ. वेगाची किंमत उजेडाने चुकवावी लागते, हे ते सतत बजावतात.

मला एका साप्ताहिकात क्रीडा छायाचित्रकाराची नोकरी हवी होती. "मैदानावरचा एक तरी दमदार फोटो आणा," संपादक म्हणाले होते. कांदिवलीत मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. ऐन लग्नसराईत आपला स्टुडिओ बंद ठेवून सर माझ्याबरोबर आले. लांब पल्ल्याची स्वतःची लेन्सही त्यांनी मला दिली. संयोजक म्हणाले, "ताई, बायकांची बसायची सोय तिकडे आहे."

"ती बसायला नाही आलीय," सर म्हणाले.

शेवटच्या चढाया सुरू झाल्या आणि ऊन इमारतीमागे गेले. शटर हजारावर ठेवावे तर फोटो काळा पडणार, उतरवावे तर हलणार. मी सरांकडे पाहिले.

"काय सांडतंय?"

"माती."

"मग हजारच ठेव. उजेडाचं धुताना बघू."

चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिघींनी धरला होता. तिने अंग झोकून दिले. मी बटण दाबले.

सरांनी ती फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली, म्हणजे कमी पडलेला उजेड भरून निघतो. फोटो रवाळ आला, पण तो रवा मातीतच मिसळून गेला होता. चुन्याच्या रेघेपलीकडे तिची तीन बोटे, आणि भोवती हवेत थांबलेला मातीचा कण न् कण! संपादकांनी तो पहिल्या पानावर छापला. ती नोकरी मी आज करते आहे. पुढच्या स्पर्धेला त्याच संयोजकांनी माझ्यासाठी रेघेजवळची जागा राखून ठेवली.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि त्यांचे रविवार असेच भरलेले राहोत. त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आहे. शटर मी साठावर ठेवणार आहे. सर कुठेही पळून जात नाहीत.