फॉरेस्टच्या रानातला रविवार

लग्न होऊन मी पाटसच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आले, तेव्हा तिथं नुसतं चालायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नसे. चालायचं ते शेतावर, बाजारात, नाहीतर एसटी चुकली तर फाट्यापासून घरापर्यंत. मला मात्र चालायची सवय होती. माझं माहेर शिरूरचं. वडील कचेरीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आम्हा भावंडांना घेऊन घोड नदीच्या कडेकडेनं लांबवर जायचे. कुणी विचारलं, "कुणीकडं निघालात?" तर म्हणायचे, "पोरांना रान दाखवून आणतो." जणू रान म्हणजे जत्रेतला तंबू.

मुली जरा चालत्या झाल्या तसं मीही तेच सुरू केलं. थोरली चौथीत होती, धाकटी नुकतीच मी शिकवायचे त्याच शाळेत, पहिलीच्या वर्गात आली होती. आमचे हे कारखान्यात फिटर. उसाचं गाळप सुरू असलं की तीन पाळ्यांत माणूस हाताला लागत नसे. पण गाळप बंद झाल्यावर दिवाळीपर्यंत रविवार मोकळा मिळायचा. कॉलनीत घरोघर नुकतंच केबल आलं होतं आणि रविवारची सकाळ टीव्हीपुढं जायची. मी टीव्ही बंद करायचे, चपात्या फडक्यात बांधायचे आणि म्हणायचे, "चला."

वाट ठरलेली होती. हायवे ओलांडायचा, कॅनॉलच्या भरावानं जुन्या तलावावर पोचायचं, बांधावरून पलीकडं उतरायचं, की फॉरेस्टचं रान लागायचं. रान म्हणजे काही घनदाट जंगल नव्हे. हिवर, बाभळी, फॉरेस्टवाल्यांनी लावलेलं गिरिपुष्प आणि मधे गुडघाभर गवताचे माळ. त्याच्या टोकाला एक बुटकी टेकडी. धाकटीच्या पायांनासुद्धा झेपेल एवढीच.

अवघड काय होतं, तर वाटेतली माणसं. ट्रॅक्टरवाला हमखास थांबायचा.

"मॅडम, गाडी बंद पडली का काय? बसा ट्रॉलीत."

"न्हाई ओ दादा, चालायलाच निघालोय."

"कुठं?"

"कुठं न्हाई. फिरायला."

मग तो ह्यांच्याकडं अशा नजरेनं बघायचा, की ह्यांना वाटायचं ट्रॉलीत चढावं आणि तोंड झाकून बसावं. मला त्याचं काही वाटत नसे. पोरींच्या पोटऱ्या घट्ट होत होत्या, पाखरांची नावं पाठ होत होती, एवढं मला पुरत होतं.

सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, त्या मात्र कधी आल्या नाहीत. त्यांचं माहेर राहू गावचं, आणि सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रानात राबण्यात गेलेलं. मी विचारलं की म्हणायच्या, "आगं, जलमभर चालले मी. सरपनाला, खुरपायला, पान्याला. आता कुठं बसायचे दिस आले, तर तू मला परत रानात न्हेतीस व्हय?"

शेवटी त्या आल्या त्या माझ्यामुळं नाही, शेजारच्या भाभींमुळं. भाभी दौंडच्या जुन्या मुसलमान घरातल्या. त्यांचे मालक कारखान्याची जीप चालवायचे आणि रविवारीसुद्धा साहेबांबरोबर पुण्याला असायचे. भाभी आणि आत्या दुपारच्या एका पायरीवर बसायच्या, एकमेकींच्या डबीतली मिसरी लावायच्या. पावसाळा सरत आला होता, तेव्हा एका शनिवारी भाभी म्हणाल्या, "मी उद्या पोरींबरोबर रानात जाणार. अंडी उकडून घेते." आत्या मिसरीचं बोट पुसत म्हणाल्या, "मग मी एकटीनं घरात काय भिताडं बघू?"

त्या रविवारी तलाव काठोकाठ भरलेला होता. बांधावर बसून आम्ही चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अंडी टेकडीवर खायची असं भाभींनी ठरवलं होतं आणि डबा कुणाला उघडू दिला नव्हता. आत्या सगळ्यांच्या पुढं चालत होत्या. सवयच तशी. मधेच वाकून वाळकी काटकी उचलायच्या, आणि सरपण न्यायचं नाही हे आठवलं की टाकून द्यायच्या.

रानात शिरलो तर कुसळं साड्यांना चिकटायला लागली. थोरली पुढं पळाली आणि एकदम थबकली.

"आई, कुत्र्याचं पिल्लू!"

कुत्र्याचं नव्हतं. हरणाचं होतं, चिंकाऱ्याचं. गवतात जमिनीला चिकटून पडलेलं, कान पाठीवर टाकलेले, डोळे टक्क उघडे. मांजराएवढं असेल. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो तरी ते हललं नाही. नुसत्या बरगड्या वरखाली होत होत्या.

"आई मेली असणार ह्याची," हे म्हणाले. "कुत्री मारतात ह्यांना. घरी नेऊ, उद्या फॉरेस्टवाल्यांच्या ताब्यात देऊ."

"मी दूध पाजीन," धाकटी म्हणाली आणि वाकलीसुद्धा.

"पाजू की," आत्या म्हणाल्या. "शेळीच्या दुधावर जगंल. खालच्या आळीला हाय शेळी."

भाभींनी तर ओढणी पुढं केली. "घ्या, ह्याच्यात गुंडाळा. बिचारं तहानलंय."

मी म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही."

वर्गात वापरायचा आवाज मी घरी कधी वापरत नसे. तो आपसूक निघाला. धाकटीनं हात मागं घेतला, आणि ह्यांनीसुद्धा घेतला.

"कशावरून म्हणतीस?" ह्यांनी विचारलं.

"पोट बघा त्याचं. गोल आहे. अंगावर माशी नाही, घाण नाही. सकाळी कुणीतरी चाटून पुसून ठेवलंय त्याला. भुकेलं पोर असं गप पडतं का? आपल्या दोघी पडल्या होत्या का कधी? ह्याची आई इथंच आहे. आपण आहोत म्हणून ती येत नाही."

"आन् न्हाई आली तर?" आत्या म्हणाल्या.

"ऊन कलेपर्यंत थांबू. नाही आली तर तुम्ही म्हणाल तसं करू."

मी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. पण बघताक्षणी मला पटलं होतं, आणि एकदा पटलं की मी डगमगत नाही. आम्ही टेकडीच्या अर्ध्यावर एका लिंबाखाली जाऊन बसलो. तिथून पिल्लू दिसत नव्हतं, पण ते ज्या हिवराजवळ होतं तो हिवर दिसत होता.

वाट बघणं पोरींना जड जाईल असं वाटलं होतं. पण दोघी गुडघ्यांना मिठी मारून बसल्या. जड गेलं ते ह्यांना. दर थोड्या वेळानं मान उंच करायचे आणि माझ्याकडं बघायचे. ऊन चढलं. बाटलीतलं पाणी संपत आलं. खाली गवत नुसतं वाऱ्यानं हलत होतं.

आणि मग तलावाच्या बाजूनं दोन कुत्री आली. गावातलीच, मोकाट. नाक जमिनीला लावून ती सावकाश रानात शिरत होती. त्यांची वाट सरळ हिवराकडंच जात होती.

"आता?" हे कुजबुजले आणि ढेकूळ उचललं.

मी त्यांचा हात धरला. ढेकूळ मारावं, ओरडावं, तर हरणी आसपास असली तरी पळून जाणार. काहीच करू नये, तर कुत्री पोचणार. मला तेव्हा खरंच काही सुचलं नाही.

सुचलं ते भाभींना. त्यांनी चपला काढल्या, डबा उघडला आणि टेकडीच्या आडानं खाली उतरल्या. अंगानं चांगल्या भरलेल्या बाई, पण गवतातून जाताना आवाज म्हणून नाही. कुत्र्यांच्या पलीकडं त्या उभ्या राहिल्या आणि एक अंडं फोडून टाकलं. कुत्र्यांनी मान वर केली. भाभी उलट्या पावलांनी तलावाकडं चालायला लागल्या, मधून मधून एकेक तुकडा टाकत. कुत्री मागं निघाली. बांधाजवळ गेल्यावर तिघंही झाडीमागं गेली आणि दिसेनाशी झाली.

"अंडी गेली," थोरली हळूच म्हणाली. आत्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. बाभळीच्या सावलीत काहीतरी तांबूस हललं. हरणी होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, पुढचा पाय जमिनीवर आपटायची, वास घ्यायची. आमच्याकडं तिनं एकदा रोखून बघितलं तेव्हा मी धाकटीचा खांदा दाबून धरला. मग ती सरळ हिवराकडं गेली आणि मान खाली घातली. गवतातून ते पिल्लू उभं राहिलं. पाय असे, की आत्ता मोडतील. त्यानं आईच्या पोटाला ढुशी दिली आणि प्यायला लागलं. शेपटी तेवढी भुरभुर हलत होती.

मला खात्री होती, हे मी आजही सांगते. तरी हातातल्या गवताच्या काडीचा मी चुरा चुरा केला होता. ह्यांनी बघितलं आणि माझा हात आपल्या हातात घेतला. चारचौघांत हात धरणारा हा माणूस नव्हे.

आत्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. हरणी पिल्लाला घेऊन गवतात नाहीशी झाल्यावर त्या म्हणाल्या, "दोन पोरांना अशीच बांधावर ठिवून खुरपायला जायची मी. कुनी उचलून न्हेली असती, तर?" मी त्यांच्या शेजारी सरकून बसले.

खाली उतरलो तर भाभी बांधावर बसलेल्या, रिकामा डबा मांडीवर, दोन्ही कुत्री पायाशी लोळत होती.

"आली?" त्यांनी लांबूनच विचारलं.

सगळे एकदम बोलायला लागले. भाभींना काही कळेना. "असं न्हाई, एकेकानं सांगा," त्या म्हणाल्या. मग पोरींनी करून दाखवलं. थोरली हरणी झाली, धाकटी पिल्लू. भाभींनी ते दोनदा करायला लावलं. हसत होत्या, पण मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ज्यांच्यामुळं ती हरणी आली, त्यांनाच ती बघायला मिळाली नव्हती.

ती गोष्ट आत्यांनी कॉलनीभर केली. पुढच्या रविवारी आणखी दोन घरं आमच्याबरोबर निघाली, त्याच्या पुढं आणखी. मी सगळ्यांना तलावावरच सांगायचे, इथून पुढं हळू बोलायचं, कुत्रं आणायचं नाही, काही उचलायचं नाही. शाळेच्या बाई म्हणून ऐकायचे सगळे. आत्याही गुडघे धरेपर्यंत येत राहिल्या.

भाभींनी एकही रविवार चुकवला नाही. दर वेळी त्या हिवरापाशी थांबायच्या आणि गवत न्याहाळायच्या. काही दिसायचं नाही. मग गाळप सुरू झालं, पुरुष पाळ्यांना गेले. थंडीतल्या एका सकाळी आम्ही बायका आणि पोरीच होतो. टेकडीला वळसा घातला, तर समोर माळावर पाच-सहा चिंकारे उन्हाला उभे. त्यात एक लहान. तेच होतं की दुसरं, कोण सांगणार. भाभींनी माझं मनगट धरलं आणि चिंकारे उड्या मारत टेकडीमागं जाईपर्यंत सोडलं नाही. माझ्याच हिरव्या बांगडीचा वळ उठला मला.

मग त्या म्हणाल्या, "बसू या जरा. आज अंडी आपणच खायची." आम्ही दवानं ओल्या गवतावर तशाच बसलो आणि त्यांनी डबा उघडला.