आधी तिने खायचं

आमची आई प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांची देखभाल करायची. लोकांच्या आया लेकींना स्वयंपाक शिकवतात, आमच्या आईने मला मांसाचे वाटे पाडायला शिकवलं. तरसं रानात असोत की पिंजऱ्यात, राज्य मादीचं. आधी म्होरकी खाणार, मग बाकीच्या माद्या, नर सगळ्यांत शेवटी. "क्रम चुकवलास तर एखाद्याचा जीव जाईल," आई बजावायची.

म्होरकी म्हातारी होऊन मेली. तिच्या पोटी लेक उरली नव्हती. समोर मांस पडलेलं आणि कळप नुसता बसून. डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी आई दमून गजांपाशी स्टुलावर बसली, डबा उघडला आणि पावाचा घास घेतला. तशी सगळी तरसं उठली आणि मान खाली घालून मांसाकडे गेली. तेव्हापासून रोज हेच. कामगार तिला राणीसाहेब म्हणून चिडवायचे आणि आईही भाव खायची. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा. जनावराने इतकं आज्ञाधारक असू नये.

पुढे आईचे गुडघे गेले. इतकी वर्षं तिच्या हाताखाली राबले होते, जागा माझीच असं मी धरूनच चालले होते. साहेब म्हणाले, "कळप तुझ्यासमोर खाऊ दे, लगेच सही करतो."

मी डबा उघडला, घास घेतला. आई शेजारी स्टुलावर बसलेली, पण तिने काही खायचं नाही असं ठरलेलं. एकाचाही कान हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात आईचं औषध घेऊन धाकटी बहीण आली. ही आमची लाडोबा, पार्लरमध्ये भुवया कोरणारी, मांजरालाही भिणारी. सफरचंद खात खात ती गजांपाशी आली आणि करकन चावा घेतला.

अख्खा कळप उठला. कान मागे, माना खाली. आणि खायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई स्टुलावरून हलली नाही.

"त्यांच्यात धाकट्या लेकीचा मान," ती हळूच म्हणाली. "थोरलीच्या वर."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं गं. वाटलं, आपण माणसं, आपल्याला सोडतील."

धाकटी घाबरून मागे सरली. "मी काय केलं? मला नकोय तुमची नोकरी. चल ताई, घरी जाऊ."

घरी तिनेच ताटं वाढली. या सगळ्या घोरात मी धड जेवले नव्हते, पोटात कावळे कोकलत होते. घास उचलला, पण हात तोंडापर्यंत जाईना. आईकडे पाहिलं. तिचाही हात ताटातच होता.

"अगं, जेवा ना," धाकटी हसत म्हणाली. मग तिचं हसू विरलं. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिने घास घेतला. मग आम्ही जेवलो.