न्हावऱ्यात अडकलेली खुर्ची

शिरूर सोडलं तेव्हाच डोकं तापलेलं होतं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध, कितीही हॉर्न मारा, बाजूला व्हायचं नाव नाही. आम्हाला दौंड गाठायचं होतं. सोलापूरची मावशी गुजरातेत लेकीकडे कायमची राहायला निघाली होती आणि तिची रेल्वे दौंडला जेमतेम चहा प्यायच्या वेळाइतकी थांबणार होती. आई आणि ती, दोघीही ऐंशीच्या घरातल्या. ही भेट चुकली तर पुढची होईल असं कुणीच धरून चाललं नव्हतं.

आईचे पाय गेलेत. म्हणून गाडीत फिरती खुर्ची बसवून घेतली होती. बटण दाबलं की पुढची सीट दाराकडे वळते, बाहेर सरकते आणि खाली उतरते. न्हावऱ्याला आईची पाठ आखडली, म्हणून कडुलिंबाखाली थांबलो. ही करामत बघायला माणसं जमली आणि मीही जरा ऐटीतच बटण दाबलं. खुर्ची बाहेर आली. परत आत घ्यायला दाबलं, तर ढिम्म. सीट दाराबाहेर, दार लागेना, आई अधांतरी.

मग सल्ल्यांना ऊत आला. एक वडापवाला (जीपमध्ये माणसं कोंबून नेणारा) म्हणाला, "दार दोरीनं बांधा आन् सुटा की!"

"आन् आईला काय टपावर बसवू?" मी खेकसलो.

समोरच्या गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे सलीमभाई होते. ते हातातलं काम पूर्ण करून, हात पुसून, मगच आले. तोवर मी चारदा घड्याळ पाहिलं. त्यांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. "फ्यूज शाबूत हाय. बटणापातुर करंट येतोय. मोटारीला न्हाई जात. आजींना उचला, खाली बघाय पायजे."

चहाच्या टपरीवरच्या दोन बायांनी आईला अलगद उचलून बाजेवर ठेवलं. सलीमभाईंनी सीटखाली हात घातला आणि चुरगळलेलं प्लास्टिक ओढून काढलं. नव्या सीटचं वेष्टन! ते रुळात गुंडाळलं जाऊन वायरला अडकलं होतं आणि वायर जोडातून तुटली होती.

नवी वस्तू घ्यायची आणि वर्षभर प्लास्टिकसकट वापरायची, ही आपली जुनीच खोड. टीव्हीचा रिमोट, सोफा, आता ही सीट. पण यंत्र बसवणाऱ्याला तरी अक्कल नको? मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "सायेब, आमी काढतच हुतो. आजींनी काढू दिलं न्हाई."

मी आईकडे वळलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "कशाला? शोभेला ठेवलं होतंस? तिकडं मावशी निघून जाईल!"

आईनं पदर तोंडाशी नेला. "कवा कवा बसल्या जागीच हुतं, कळत न्हाई रं मला," ती हळूच म्हणाली. "एवढी भारी सीट. नासली असती."

वडापवाला जीपकडे निघून गेला. सलीमभाई वायर सोलता सोलता, मान वर न करता म्हणाले, "आमच्या अम्मीचं बी तसंच हाय, आजी. त्यात काय." त्यांनी जोड पिळला, टेप गुंडाळला, राहिलेलं प्लास्टिक कापून काढलं. बटण दाबल्यावर खुर्ची आत गेली.

पुढं भीमेचा पूल कधी आला, चौफुला कधी गेला, मला आठवत नाही. दौंडला पोचलो तेव्हा रेल्वे उभीच होती. आईला डिकीतल्या चाकाच्या खुर्चीत बसवून मी ती जवळजवळ पळवतच नेली. मावशी डब्याच्या दारात लेकीचा खांदा धरून उभी होती.

"अक्का, किती खंगलीस गं!"

"तू तरी कुठं धड हायस!"

दोघी हसल्या, मग रडल्या. गाडी हलेपर्यंत त्यांनी एकमेकींचे हात सोडले नाहीत. मावशीला आत ओढून घ्यावं लागलं.

परतताना ऊन कलतं होतं. आई प्लास्टिक निघालेल्या उघड्या सीटवर अंग चोरून बसली होती, पाठ न टेकता. तिच्यासाठी घेतलेली पाण्याची बाटली तशीच पडून होती, सील न तोडलेली. मी ती पुढं केली तर म्हणाली, "घरी गेल्यावर पिईन."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. सीट भिजू नये म्हणून तिनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मला तिचा भयंकर राग आला. ताटाला ताट लावून आम्ही जेवतो आणि हे तिनं एकटीनं निस्तरायचं? आणि मी तिला न्हावऱ्याच्या फाट्यावर, लोकांसमोर, प्लास्टिकचा हिशेब विचारत होतो!

गाडी बाजूला घेतली. सील तोडून बाटली तिच्या हातात दिली.

"पी, आई. सीट धुता येते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग घटाघटा अर्धी बाटली संपवली आणि पाठ टेकून बसली.